पाहुण्याचा फेरा

गोष्ट द्या, गोष्ट द्या म्हणून वाचनालयाच्या पोरांनी डोकं खाल्लंय. ह्यांना अंक काढायचाय आणि त्यात म्हाताऱ्यांनी एकेक बोधकथा लिहायची, हे ह्यांनीच आपसांत ठरवलं. म्हाताऱ्यांना विचारलं कुणी? माझी शाळा दुसरीत सुटली, आणि सुटली ते बरंच झालं. मी लिहिलंय तसं छापा. सुधारायला गेलात तर कागद परत द्या. आणि राजाचं नाव काय, गाव कोणतं, असलं मला विचारू नका. गोष्टीत नावं घातली की त्यांची नातवंडं दारात भांडायला येतात.

तर पार पूर्वी, माझ्या आज्याच्या आज्याला दात यायचे होते त्याच्याही आधी, एक राज्य होतं आणि त्याच्या राजधानीत एक तांबट होता. तांब्याची भांडी घडवणारा. साधासुधा नव्हे, राजतांबट. राजवाड्यातलं घंगाळ त्याचं, देवळाचा कळस त्याचा, राणीनं तुळशीला पाणी घालायचा गडवासुद्धा त्याचाच. आपल्या हातच्या प्रत्येक भांड्यावर तो छिन्नीनं एक खूण उठवायचा. मोरपिसाची.

दर दसऱ्याला राजा मुलखातल्या तांबटांची भांडी मांडायला लावायचा आणि ज्याचं भांडं उजवं ठरेल त्याच्या डोक्याला स्वतःच्या हातानं पागोटं बांधायचा. वर्षानुवर्षं ते पागोटं राजतांबटाच्याच डोक्यावर चढत होतं. इतकी वर्षं, की त्याला वाटायला लागलं, देवानं आपलं डोकंच त्या मापाचं केलंय.

हात चांगला होता त्याचा. ते मी नाकारत नाही. खोटं बोलून गोष्ट सोपी करायची मला सवय नाही.

एका वर्षी दसरा तोंडावर आला असताना राजतांबट लेकीला तिच्या सासरी पोचवायला नदीपलीकडच्या मुलखात गेला. लेकीला पोचवलं, व्याह्यांकडचं जेवण झालं, जेवणात मीठ कमी होतं म्हणून कुरकुर झाली, आणि हा परत निघाला. ऊन कडक. वाटेत एक वाडी लागली. एका घराच्या ओट्यावर वाटसरूंसाठी पाण्याची घागर ठेवली होती. हा टेकला, पाणी प्यायला, तोंड पुसलं आणि मग घागरीकडं बघितलं.

बघितलं ते बघतच राहिला.

ज्यांना तांबटकाम माहीत नाही त्यांना सांगतो. भांडं घडवून झालं की शेवटी त्याच्यावर मठार मारतात. म्हणजे हातोडीनं ठोक्याला ठोका लावत सबंध भांड्याभोवती फेरे घालत जायचं. त्यानं तांबं टणक होतं आणि अंगभर चकचकीत टिकल्या उमटतात. माणसाचं चालणं पाठीमागून ओळखू येतं ना, तसा तांबट दुसऱ्या तांबटाचा मठार ओळखतो.

ह्या घागरीवरचा मठार असा होता, की ऊन तिच्या बुडाला लागलं आणि टिकलीटिकलीनं चढत गळ्यापर्यंत गेलं. एकही ठोका दुसऱ्याच्या अंगावर चढलेला नाही. एकही मागं राहिलेला नाही. आणि ही घागर ओट्यावर. वाटसरूंना. कुणीही हात लावावा, कुत्र्यानं हुंगून जावं.

राजतांबटाच्या पोटात दुखायला लागलं. हे दुखणं ओवा खाऊन जाणारं नव्हतं.

त्याला वाटलं, मेलेल्या माणसाचं काम असावं. कुणी जुना तांबट असेल, गेला असेल. मेलेल्याचं कौतुक करायला माणसाला जड जात नाही. तेवढ्यात आतून हातोडीचा आवाज आला. जिवंत होता तर.

आत डोकावला तर ठोकायच्या लोखंडी खुंट्यावर भांडं चढवून एक बाई बसलेली. चाळिशीची, मनगटं जाडजूड, कपाळावर घाम आणि तोंडाची टकळी चालू. समोर भात्यावर तिचा नवरा. ती नवऱ्याला शेजारणीच्या म्हशीबद्दल काहीतरी सांगत होती, हसत होती, आणि हात मात्र ठोके टाकत होता. बघतही नव्हती नीट. राजतांबट काम करताना घरात चिडीचूप लागायची. लेकरू खोकलं तरी हा ओरडायचा. आणि ही बाई म्हशीच्या गोष्टी सांगत असला मठार मारत होती. ह्याचं त्याला जास्त लागलं.

तांबटिणीनं मान वर केली.

"या पाव्हणं, पाणी घेतलंत का? घागर बघत होता व्हय? बघा, बघा. बघण्यासारखीच हाय ती."

लाजायचं नावच नाही. लाजली असती, काय तोडकंमोडकं बाईमाणसाचं काम म्हणाली असती, तर ह्याचं अर्धं दुखणं तिथंच राहिलं असतं.

आपण कोण ते सांगायचं नाही असं त्यानं ठरवलं होतं. पण नवऱ्याचं लक्ष त्यानं वाटेसाठी घरून आणलेल्या तांब्याकडं गेलं. तांब्यावर मोरपीस. नवरा भाता सोडून उठलाच. मग काय विचारता. तांबटिणीनं पदरानं पाट पुसला, गूळ आणला, शेजारणीला हाक मारून सांगितलं की आपल्याकडं राजतांबट आलेत. आणि बसून सांगत सुटली. लहानपणी म्हणे ती आईबरोबर राजधानीच्या जत्रेला गेली होती. देवळात ह्याचं घंगाळ होतं. आई दर्शनाला रांगेत आणि ही घंगाळासमोर. त्यावरचा मठार बघत इतकी रमली की चुकामूक झाली, आई दिवसभर शोधत होती. घरी आल्यावर मार खाल्ला आणि दुसऱ्या दिवशी बापाची हातोडी उचलली.

"माझा गुरू तुमीच," ती म्हणाली. "फकस्त तुमाला ठाऊक नव्हतं."

आता हे ऐकून एखाद्याचे डोळे भरले असते. राजतांबटाला वाटलं, आपल्या हातून काहीतरी चोरीला गेलंय. आपलंच बी, आपल्यालाच न विचारता दुसऱ्याच्या बांधावर उगवलं आणि आपल्यापेक्षा उंच गेलं.

त्यानं खुंट्यावरच्या भांड्याकडं हात केला आणि हे कुणासाठी म्हणून विचारलं. तीही घागरच होती. ओट्यावरची तिच्यापुढं काहीच नाही अशी. तांबटीण म्हणाली, दसऱ्याची. आजवर कधी पाठवली नाही, यंदा स्वतः घेऊन जायचा विचार आहे. पागोटं मिळो न मिळो, एकदा राजानं आपलं काम बघावं एवढी इच्छा. नवरा हसून म्हणाला, मिळालंच तर पंचाईत आहे, हिच्या अंबाड्यावर पागोटं बसायचं कसं?

ती दोघं हसली. राजतांबटाला मात्र तिच्या अंबाड्यावर पागोटं बसलेलं दिसलं. नीट बसलेलं.

थोड्या वेळानं तांबटीण चुलीशी गेली तसं त्यानं नवऱ्याला खालच्या आवाजात विचारलं, की बाबा, तूही तांबट, ह्या घरातली हातोडी तुझी. बायको पुढं गेली ह्याचं तुला काही वाटत नाही?

नवऱ्यानं भात्याला तेल लावता लावता उत्तर दिलं, "वाटलं की. लई वाटलं. बरेच दिवस तिच्याशी धड बोललो न्हाई. मग ध्यानात आलं, रुसून आपला हात काय सुधरत न्हाई. आन् भाता हलवायला तिला माणूस तर पायजेच हुता."

एवढं सरळ उत्तर समोर ठेवलेलं. घ्यायचं होतं उचलून. पण जळणाऱ्या माणसाला शहाणपण ऐकू येतं ते दुसऱ्यासाठी असल्यासारखं. त्याला वाटलं, हा बिचारा आळशी आहे.

आता त्या मुलखात तांबटांची एक रीत होती. दुसरा तांबट पाहुणा म्हणून दारी आला, की चालू असलेलं भांडं त्याच्यापुढं ठेवायचं, हातोडी त्याच्या हातात द्यायची आणि त्यानं त्या भांड्यावर मठाराचा एक फेरा घालायचा. पाहुण्याचा फेरा म्हणत त्याला. पाहुणा फेरा न घालता गेला तर तो उपाशी गेला असं धरत. आणि पाहुण्याचा हात चालू असताना त्याला अडवायचं नाही, जवळ उभं राहून बघायचंही नाही. जेवणाऱ्याच्या ताटात कोण बघतं? तसंच हे.

तांबटिणीनं दसऱ्याची घागर त्याच्यापुढं ठेवली.

"गळ्याशी एक फेरा राखून ठिवलाय," म्हणाली. "कुनासाठी ते आज कळलं." आणि ती भाकरी थापायला गेली. नवरा जळण आणायला परड्यात गेला.

राजतांबटानं घागर मांडीवर घेतली आणि गळ्यावरून अंगठा फिरवला. तांब्याचं असं असतं. मार खाऊन खाऊन ते ताठ होतं. घडवताना ताठ झालं तर भट्टीत लाल करावं, पाण्यात बुडवावं, की पुन्हा मऊ. पण मठार चढल्यावर भट्टी नाही, नाहीतर सगळी चमक गेली. म्हणून मठार मोजूनमापून मारायचा. ह्या घागरीचा गळा बरोबर काठावर आणून ठेवलेला होता. एक हलका फेरा, की काम पुरं. जरा जड हात पडला तर तांबं तडकणार. हे त्याला अंगठ्यानंच कळलं. त्याच्याइतकं ते राज्यात कुणालाही कळलं नसतं.

अशी चीर लगेच दिसतही नाही. केसाएवढी असते, आत दडून राहते. चार दिवस पाणी भरलं, गाडीत हिसके बसले, की तोंड उघडते.

त्यानं घागर खुंट्यावर चढवली आणि हातोडी उचलली. पहिला ठोका हलका टाकला. तो इतका सुरेख पडला की त्याला स्वतःलाच बरं वाटलं. तिथंच त्याला सावरता आलं असतं. पण बाजूचे तिचे ठोके दिसले. त्याचा एक, आणि भोवती तिचे शेकडो, सगळे त्याच्या एकासारखे. कुणाला सांगता आलं नसतं की हा गुरूचा आणि ते चेलीचे.

मग त्यानं दुसरा ठोका जड टाकला. तिसरा त्याहून जड. दात आवळून गळ्याभोवती सबंध फेरा घातला. वरून तो दिसायला देखणाच होता. आत तांबं मेलं.

चुलीशी तांबटिणीचा हात थांबला. आवाज तिला बद्द लागला. पण पाहुण्याला अडवायचं नाही ही रीत, आणि पाहुणा कोण, तर राजतांबट. तिनं स्वतःलाच दटावलं, की राजधानीच्या हातातलं तुला काय कळतंय, भाकरी करपतेय ती बघ.

राजतांबट पोटभर जेवला. वर लोणी मागून घेतलं. निघताना ती दोघं वेशीपर्यंत पोचवायला आली. वाटभर त्याला हलकं हलकं वाटत होतं. दुष्टपणा केल्यावर पहिल्यांदा हलकंच वाटतं. बाकीचं मागाहून येतं.

तो गेल्यावर तांबटिणीनं रीतीतलं उरलेलं काम केलं. हे त्याला माहीत नव्हतं, कारण राजधानीत पाहुण्याचा फेरा कधीच बंद पडला होता. तिथं कुणी कुणाला आपल्या भांड्याला हात लावू देत नसे. नदीपलीकडं मात्र पाहुण्यानं फेरा घातला, की त्याच्याखाली पाहुण्याची खूण उठवायची पद्धत होती. भांड्यात ज्याचा हात, त्याचं नाव त्यावर हवंच. तांबटिणीनं छिन्नी घेतली आणि गळ्याखाली मोरपीस उठवलं. आपल्या खुणेपेक्षा मोठं उठवलं. त्यातला डोळासुद्धा काढला.

दसरा आला. राजवाड्यापुढं पांढरं जाजम अंथरलं, त्यावर सगळ्यांची भांडी पाण्यानं काठोकाठ भरून ठेवली. राजा यायच्या आधी तांबटच एकमेकांची भांडी बघत हिंडत होते. तांबटिणीच्या घागरीपाशी जो तो येई आणि वाकून मठार निरखत राही. एक म्हातारा तांबट तर चप्पल काढून बसला तिच्यापुढं. राजतांबट आपल्या हंड्याशेजारी उभा राहून सगळं बघत होता. त्याचं पोट पुन्हा दुखत होतं, पण त्यानं धीर धरला.

राजा आला. फिरत फिरत घागरीपाशी थांबला, वाकला, आणि खाली बघून म्हणाला, जाजम ओलं कसं?

गळ्याच्या कडेनं पाण्याचे थेंब फुटत होते. बारीक, एकामागून एक, घाम यावा तसे.

तांबटीण पुढं आली. तिनं गळ्यावरून बोट फिरवलं आणि तिला चीर लागली. सगळ्या बाजूंनी माणसं जमली होती. तिचा रंग उतरला. तिनं पदरानं घागरीचा गळा पुसला, थेंब पुन्हा फुटले. राजानं विचारलं, हे कुणाच्या हातचं? म्हाताऱ्या तांबटानं वाकून बघितलं आणि हळूच सांगितलं, घागर हिची, पण हा फेरा हिचा नाही. खाली मोरपीस आहे.

सगळी तोंडं राजतांबटाकडं वळली. मोरपीस बघून तो जागीच थिजला. त्याला ते ठाऊकच नव्हतं.

तांबटिणीनं त्याच्याकडं बघितलं. राग नव्हता तिच्या तोंडावर. तिला अजूनही खरं वाटत नव्हतं. तिनं विचारलं, "पाव्हणं, तुमचा हात चुकला का?"

बघा, दार उघडून दिलं होतं तिनं. हो म्हणायचं, चुकला, वय झालं, वाटचालीनं दमलो होतो, हात जड पडला. कुणी काही बोललं नसतं. तिनंच त्याला बसायला पाट दिला असता.

पण हो म्हणायचं म्हणजे भर दरबारात, त्या बाईपुढं, आपला हात चुकतो असं म्हणायचं. तिचा चुकत नाही आणि आपला चुकतो. ते त्याच्या घशातून उतरेना. आणि तोंडातून शब्द बाहेर पडले:

"माझा हात कधी चुकत नाही."

म्हणून झालं आणि मग त्याला कळलं आपण काय म्हणालो ते. बाकीच्यांना त्याच्या आधी कळलं होतं.

कुणी आरडाओरडा केला नाही. राजानं शिक्षा दिली नाही, फटके नाहीत, हद्दपारी नाही. राजानं नुसती मान वळवली आणि पुढच्या भांड्याकडं गेला. तांबटिणीनं घागरीतलं पाणी तिथल्याच आपट्याच्या बुंध्याशी ओतलं आणि रिकामी घागर कडेवर घेऊन ती नवऱ्याबरोबर निघाली. म्हातारा तांबट तिच्या मागोमाग वेशीपर्यंत गेला. त्या वर्षी पागोटं कुणा तिसऱ्यालाच मिळालं. त्याचा गडवा, मी सांगतो, काही खास नव्हता. बूड वाकडं होतं. पण गळत नव्हता.

राजतांबटाचं घर गेलं नाही, काम गेलं नाही. फक्त माणसं बदलली. तो दुकानावरून जाऊ लागला की तांबट खुंट्यावरच्या भांड्यावर सहज फडकं टाकत. "या, बसा" म्हणत, पान देत, लेकीबाळींची चौकशी करत. फडकं काही उचलत नसत.

पुढं एकदा लेकीकडं जाताना तो त्या वाडीवरून गेला. जाणार नव्हता, पण पाय गेले. तांबटिणीनं त्याला ओळखलं. पाणी दिलं, जेवायला वाढलं, भाकरीवर लोणीसुद्धा न मागता ठेवलं. खुंट्यावर अर्धं झालेलं घंगाळ होतं. त्याच्या मठाराकडं बघताना त्याचा हात आपोआप हातोडी धरायला उघडला. किती वर्षांनी त्याला खरोखर वाटत होतं, की आपण एक फेरा घालावा. हलका. चांगला. तिच्या ठोक्यांना ठोका लावून.

नवऱ्यानं घंगाळ खुंट्यावरून उतरवलं आणि आत नेऊन ठेवलं.

"हात धुवून घ्या, पाव्हणं," तांबटीण म्हणाली. "ऊन व्हायच्या आत निघा, वाट लांबची हाय."

तो हात धुवून निघाला. पोट भरलं होतं. त्या मुलखाच्या रीतीप्रमाणं उपाशी गेला.

तात्पर्य लिहायलाच पाहिजे म्हणतात, तर लिहितो: जळणारा हात कितीही कसबी असला, तरी त्याच्यापुढं कुणी आपलं भांडं ठेवत नाही.

झाली गोष्ट. आणि माझ्या वेलावरच्या दुधी भोपळ्याला, स्वतःच्या वेलाला एक लागला नाही म्हणून, ज्यानं मुद्दाम नख लावून तो सडवला, तो निवृत्ती खंडेराव भोइटे अजून माझी माफी मागायला आलेला नाही.